काळा किती काळा ठेवायचा?

गेल्या काही वर्षांत कृष्णधवल छायाचित्रांचे वेड पुन्हा आले आहे. माझे दोन-तीन माजी विद्यार्थी जुने फिल्मचे कॅमेरे विकत घेऊन हिंडतात. खिशातल्या फोनवर फुकटात हवे तेवढे फोटो निघत असताना ही मुले छत्तीस फोटोंच्या एका रोलसाठी पैसे मोजतात, तो धुवायला मुंबई-पुण्याला पाठवतात आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहत बसतात. कशासाठी, असे विचारले तर ठरलेली उत्तरे मिळतात. काळ्या-पांढऱ्यात खोली असते. रंग लक्ष उडवतात. काळे-पांढरे चित्र थेट आत्म्याला भिडते. 'आत्मा' हा शब्द कलेच्या चर्चेत आला की माझ्यासारखा बौद्ध माणूस सावध होतो. ज्याचे अस्तित्व दाखवता येत नाही अशा वस्तूच्या नावाने या देशात पुष्कळ काही खपवले गेले आहे.

तरी या वेडाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. मीही त्यात सापडलेला माणूस आहे. माझे म्हणणे एवढेच की या आकर्षणाचे कारण डार्करूममध्ये शोधावे. फिल्मवरच्या कृष्णधवल चित्रात जगातला प्रत्येक रंग कोणत्या ना कोणत्या करड्या छटेत उतरवावा लागतो. लाल लुगडे आणि हिरवे लुगडे तिथे एकाच छटेची होऊ शकतात. मग कोणते गडद आणि कोणते फिके हे कोणीतरी ठरवते. फिल्म बनवणारा कारखाना ठरवतो, कॅमेरा धरणारा ठरवतो, आणि शेवटी कागदावर प्रत काढणारा हात ठरवतो. ज्यांच्या वस्तीचे, पाणवठ्याचे आणि चेहऱ्याचे निर्णय पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी घेतले, त्यांना हा प्रश्न केवळ अभिरुचीचा वाटणे शक्य नाही. काळा किती काळा ठेवायचा, हे कोण ठरवतो?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही.

माझ्या आईचा एकच फोटो आहे. १९७१ साली मी पुढच्या शिक्षणासाठी औरंगाबादला निघालो. अर्जाला फोटो हवा होता म्हणून तालुक्याच्या गावी एका स्टुडिओत गेलो. आई सोबत होती. माझा फोटो झाल्यावर मीच म्हणालो, "आये, तूबी बस." ती नको नको म्हणत स्टुलावर बसली. काळ्या कापडाखालून फोटोग्राफर ओरडला, "ए बाई, हनुवटी वर घे." आमच्या आधी आलेल्या बाईंना तो 'ताई' म्हणत होता. चार दिवसांनी फोटो आणायला गेलो. आई गोरी झाली होती.

आई काळी होती. सावळी नव्हे, काळी. रोजंदारीवर राबणाऱ्या बाईच्या कातडीवर ऊन बसते तसे तिच्या गालाच्या हाडांवर बसले होते. कपाळावर गोंदण होते, तेही फोटोत जवळजवळ पुसले गेले होते. स्टुलावर बसलेली दिसत होती ती कोणी परगावची मास्तरीणबाई. आईने फोटो हातात घेतला, पदराने पुसला आणि "चांगला आलाय" एवढेच म्हणाली. पुढच्या वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. १९७८ साली ती गेली.

हे कसे होत असे ते मला पुढे एका मित्राकडून कळले. त्याची सारी हयात डार्करूममध्ये गेली. निगेटिव्ह म्हणजे उलटे चित्र. जे जगात काळे ते तिथे पारदर्शक, जे जगात पांढरे ते तिथे दाट. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम केले की तेवढी जागा दाट होते, तिच्यातून कागदावर कमी उजेड पोचतो आणि प्रतीत ती जागा उजळ निघते. म्हणजे आईच्या गालावर काळे शिसे फासून तिला गोरी केले होते! सबंध चेहरा उजळ करायचा तर निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी पातळ लाल रंगाचा हात देत. ब्रोमाइड कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालतो. लाल रंगाच्या आड राहिलेल्या कागदाला उजेड कमी मिळतो आणि तो पांढरा राहतो. याला 'रिटचिंग' म्हणत. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागत. आईला ते न मागता मिळाले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. जात कातडीच्या रंगावरून ठरत नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम वेगळ्या वंशात आहे ही उपपत्ती खोडून काढली आहे. काळे ब्राह्मण आणि गोरे महार प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. तेव्हा अमेरिकेतला वर्ण आणि आपल्याकडची जात या दोन गोष्टी एकावर एक ठेवून मोजू नयेत. पण गोरेपणाला मान आणि काळेपणाला हिणवणी हा व्यवहार आपल्याकडे जातीच्या अंगाखांद्यावर वाढला आहे. 'रंगावरून जात ओळखू येते' असे सहज बोलणारे सुशिक्षित लोक मी स्टाफरूममध्ये पाहिले आहेत. त्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकच आहेत.

त्या फोटोग्राफरला मी बरीच वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या. आज तेवढ्या देत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेम्स व्हॅन डर झी (१८८६–१९८३) नावाचा कृष्णवर्णीय फोटोग्राफर स्टुडिओ चालवीत असे. तोही निगेटिव्हवर हात चालवी. सुरकुत्या काढून टाकी, दात सरळ करी, नसलेला दागिना अंगावर घाली. ज्यांना बाहेरचे जग हमाल आणि मोलकरीण म्हणूनच पाहत होते ते लोक त्याच्या स्टुडिओत ऐटीत बसत आणि ऐटीतच कागदावर उतरत. त्यात लबाडी होती असे म्हणण्याची माझी छाती नाही. आईने फोटो पदराने पुसला तेव्हा तिच्या मनात काय होते, तेही मला सांगता येत नाही. फरक एवढाच की व्हॅन डर झी आपल्या माणसांचे ऐकून हात चालवीत होता. आमच्या फोटोग्राफरने विचारलेच नाही. काळ्या चेहऱ्यात काहीतरी दुरुस्त करण्यासारखे आहे हे त्याने गृहीतच धरले.

हे गृहीत एका माणसाचे नव्हते, ते कारखान्यातूनच येत होते. सुरुवातीच्या प्लेटा आणि नंतरची ऑर्थो फिल्म यांना लाल रंग दिसत नसे. तपकिरी कातडीतला तांबूसपणा त्यांच्यावर उमटत नसे आणि चेहरा आहे त्याहून काळाकुट्ट निघे. पॅन्क्रोमॅटिक फिल्म रुळल्यावर हा दोष गेला. मग मोजमापाचा प्रश्न आला. प्रकाश मोजणारे मीटर समोरचे सगळे जग सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. अॅन्सेल अॅडम्स या विख्यात अमेरिकन छायाचित्रकाराने शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची पद्धत बसवली. तीत उन्हातली सर्वसाधारण गोरी कातडी सहाव्या पायरीवर आहे आणि गडद कातडी एक पायरी खाली, पाचवीवर. पद्धत चांगली आहे, मी तिची निंदा करीत नाही. पण जगातल्या सगळ्या काळ्या माणसांना मिळून एक पायरी!

रंगीत फिल्ममध्ये हे अधिक उघडपणे झाले. रंगीत प्रतींचा तोल बरोबर साधला की नाही हे पाहण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोरी बाई असे आणि त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. शर्ली नीट दिसली की यंत्र नीट. काळा आणि गोरा माणूस शेजारी बसले तर गोऱ्याचा चेहरा नीट येई आणि काळ्याचे फक्त डोळे-दात दिसत. पुढे ही फिल्म सुधारली, ती काळ्या माणसांच्या तक्रारीपेक्षा चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या उत्पादकांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या मालातले तपकिरी रंग जाहिरातीत नीट उतरत नव्हते. माणसाच्या आधी टेबलाला न्याय मिळाला.

आता रॉय डिकारावाकडे येतो. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून माझ्या पिढीला अमेरिकन निग्रो साहित्याची ओळख झाली. 'निग्रो' हा शब्द तेव्हा सर्रास वापरात होता, आज आपण तो टाकून दिला आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. लँग्स्टन ह्यूज हा कवी आम्हांला माहीत होता. पण त्याच ह्यूजने एका छायाचित्रकाराबरोबर पुस्तक केले आहे, हे आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. आपण शब्दांच्या मागे लागलेली माणसे. चित्रांकडे आपले दुर्लक्ष झाले आणि अजूनही होते.

डिकारावा १९१९ साली हार्लेममध्येच जन्मला आणि २००९ साली वारला. चित्रकला शिकायला तो कूपर युनियन या नामांकित संस्थेत गेला. तिथला वर्णद्वेष सहन न होऊन त्याने ती सोडली आणि हार्लेमच्या कला केंद्रात शिकला. चित्रांसाठी टिपणे म्हणून त्याने कॅमेरा हातात घेतला आणि मग कॅमेराच उरला. १९५२ साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्या वर्षभरात त्याने हार्लेमच्या माणसांची चित्रे घेतली. फ्लॅश नाही, दिवे नाहीत. खोलीत जेवढा उजेड असेल तेवढ्यावर.

त्याचे 'हॉलवे' हे १९५३ चे चित्र पाहा. भाड्याच्या चाळवजा इमारतीतला अरुंद बोळ. चित्रात माणूस नाही. लांबवर एक मिणमिणता दिवा, त्याची ओली चकाकी भिंतीवर आणि छताला लागलेली, बाकी सारा अंधार. अशाच बोळांतून त्याचे बालपण गेले होते. एखाद्या समाजसेवकाने हाच बोळ फ्लॅश मारून टिपला असता तर भिंतीचे पोपडे दिसले असते, घाण दिसली असती, आणि पाहणाऱ्याला कीव आली असती. डिकारावाने पोपडे लपवलेले नाहीत, पण त्याने बोळाला उजेडाची भीक घातलेली नाही. ज्याला त्या अंधारातून रोज घरी जायचे असते त्याच्या डोळ्यांना तो अंधार जेवढा उलगडतो तेवढाच तो आपल्यालाही उलगडतो. आधी काही दिसत नाही. मग भिंत दिसते. मग छत. बीडीडी चाळीतल्या जिन्यात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

'ग्रॅज्युएशन' हे १९४९ चे चित्र अधिक प्रसिद्ध आहे. पायघोळ पांढरा झगा घातलेली एक मुलगी एकटीच रस्त्याने चालली आहे. बाजूला ओसाड जागा, केरकचरा. ती उन्हात आहे, पण पुढच्या पावलांवर सावलीची धारदार कड आहे. या चित्राचा अर्थ सांगणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते मला थोडे कमी आवडते. शिकलेली काळी मुलगी, पुढे अंधार. वर्गात पोरांना पाच मिनिटांत समजावता येते. 'हॉलवे' समजावता येत नाही.

पण मला सर्वांत जास्त काळ धरून ठेवले ते १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातल्या एका तरुणीच्या चित्राने. मिसिसिपीहून आलेली ही मुलगी. चित्रात घोषणा नाही, फलक नाही, उगारलेली मूठ नाही. फक्त चेहरा. मी हे चित्र प्रथम पाहिले ते कोणीतरी काढून आणलेल्या झेरॉक्स प्रतीवर. त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता आणि मला वाटले, यात पाहण्यासारखे काय आहे? बऱ्याच वर्षांनी चांगल्या छपाईचे पुस्तक हाती आले तेव्हा त्या डागात माणूस निघाला. गालावर एक करडा, कपाळावर दुसरा, नाकाच्या बाजूला तिसरा, मानेखाली चौथा. पाचव्या पायरीच्या कितीतरी खाली, जिथे पुस्तके म्हणतात की आता तपशील संपला, तिथे डिकारावाला एक अख्खा चेहरा ठेवायला जागा सापडली होती. मोर्चात आलेली ती मुलगी काय विचार करीत असावी हे मी तास तास पाहत राहिलो आहे. झेरॉक्सच्या यंत्राला दोन रंग कळत होते. आपल्या पुष्कळशा टीकाकारांनाही दोनच कळतात: आक्रोश आणि मौन.

हे डिकारावाने केले कसे? आपल्या प्रती तो स्वतः काढी. कृष्णधवल म्हटले की लोकांना कडक काळा आणि लख्ख पांढरा आवडतो. नियतकालिकांच्या छपाईलाही ते सोयीचे. डिकारावाने तो कडकपणा टाकला. त्याच्या प्रतींत लख्ख पांढरे क्वचितच आढळते. सारा खेळ खालच्या करड्या छटांत. चेहरा उजळ करायचा तर तो हाताच्या एका हालचालीने करता येतो: एन्लार्जरखाली तेवढ्या जागेवर क्षणभर आडोसा धरायचा. जगातल्या हजारो डार्करूममध्ये काळ्या माणसांचे चेहरे असे उजळले गेले, सद्हेतूनेसुद्धा. डिकारावाने तो आडोसा धरला नाही. ज्यांना दिसत नसेल त्यांनी डोळे सरावेपर्यंत थांबावे.

ह्यूजबरोबरचे पुस्तक, 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ', १९५५ साली निघाले. खिशात मावेल अशा आकाराचे. चित्रे पाहून ह्यूजने हार्लेममधल्या एका आजीची गोष्ट रचली. देवाचे बोलावणे तारेने आले तर ते ही आजी घेत नाही, कारण तिला नातवंडांचे काय होते ते अजून पाहायचे आहे. पुस्तक गोड आहे. मला विचाराल तर थोडे जास्तच गोड आहे. चित्रे जिथे गप्प बसतात तिथेही आजी बोलत राहते. तरी त्यात एक गोष्ट घडली: काळ्या माणसांच्या घरातली जेवणे, झोपणे, नाचणे, पोराला कडेवर घेणे हे सारे कीव आणि भीती यांच्याविना छापले गेले. आपल्या आत्मकथनांतून भूक आली, अपमान आला आणि ते आवश्यकच होते. पण आपल्या घरातले हसणे कोणी लिहिले, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे.

१९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे मोठे प्रदर्शन भरवले. हार्लेमवरच्या प्रदर्शनात हार्लेमच्या चित्रकारांना आणि शिल्पकारांना स्थान नव्हते. फोटो मात्र भिंतभर होते. कृष्णवर्णीय कलावंतांनी निदर्शने केली. डिकारावाने प्रदर्शनात भाग घेण्यास नकार दिला. दलित वस्तीचे फोटो चालतात, दलित कलावंत चालत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. व्हॅन डर झीचे नाव मोठ्या जगाला याच प्रदर्शनामुळे कळले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नकार देणारा बरोबर आणि चित्रे देणारा चूक, असा सोपा निकाल मी येथे देणार नाही.

आता माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप. काळे-पांढरे चित्र सत्य सांगते हे कितपत खरे? गॉर्डन पार्क्सचे उदाहरण घ्या. १९४२ साली त्याने वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा. ते चित्र कृष्णधवल आहे आणि ते आज जगप्रसिद्ध आहे. पण याच पार्क्सने १९५६ साली 'लाइफ' साप्ताहिकासाठी अलाबामात जाऊन वर्णभेदाची चित्रे घेतली ती रंगीत. त्यातल्या एकात एक बाई आणि लहान मुलगी, दोघी नीटनेटक्या कपड्यांत, दुकानाच्या दारासमोर उभ्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर 'कलर्ड'साठीच्या प्रवेशाची लाल निऑन पाटी आहे. हे चित्र पाहून मी हादरलो. काळ्या-पांढऱ्यात तो काळ जुना वाटतो, आजोबांच्या वेळचा वाटतो. रंगात ती पाटी काल लावल्यासारखी दिसते.

काळ्या-पांढऱ्याचा धोका येथे आहे. ते कशालाही इतिहासजमा करते. आपल्याकडच्या कलादालनांत गटार उपसणाऱ्या माणसांची कृष्णधवल चित्रे टांगली जातात. पाण्याचे थेंब चमकत असतात, पाठीवरचे स्नायू ग्रीक पुतळ्यासारखे दिसतात, आणि पाहणारे म्हणतात, "काय टोन आहेत!" हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला, आणि आजही माणसे गटारात गुदमरून मरतात. असे चित्र त्यांना एखाद्या जुन्या काळात नेऊन बसवत असेल तर त्या टोनचे आम्ही काय करायचे?

सुधारक ओलवे यांची मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरची चित्रेही कृष्णधवलच आहेत. त्यांना २००५ साली नॅशनल जिओग्राफिकचा सन्मान मिळाला, २०१६ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रे मी याच शंकेने पाहिली. शंका पूर्ण गेली असे म्हणत नाही, पण बरीच गेली. कारण त्या चित्रांत घाण सुंदर होत नाही. त्यातला माणूस आपल्याकडे पाहतो आणि त्या पाहण्यात 'आता तू इथे काय करतोयस?' असा रोकडा प्रश्न असतो. रंग नसल्यामुळे कचऱ्यातली प्लास्टिकची भडक पाकिटे मागे हटतात आणि चेहरा पुढे येतो. अशा वेळी कृष्णधवल हा अलंकार राहत नाही.

बाबासाहेबांच्या छायाचित्रांविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपल्या घराघरांतली त्यांची जी मूळ चित्रे आहेत ती कृष्णधवल. त्यांत सुटाचा रंग दिसत नाही. निळा रंग लोकांनी दिला, तो आपल्या निशाणाचा रंग, आणि तो देण्याचा लोकांना पूर्ण अधिकार होता. पण कॅलेंडर छापणाऱ्यांनी त्याच झटक्यात चेहराही गुलाबी करून टाकला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर दुकानांच्या रांगेतून चालताना मी हे दरवर्षी पाहतो. निळा सूट आपण निवडला. गुलाबी गाल कोणी निवडले?

आमच्या तालुक्यातला तो स्टुडिओ दहा-बारा वर्षांपूर्वी बंद झाला. जुन्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारात चालल्या आहेत असे कळले तेव्हा मी डार्करूमवाल्या मित्राला घेऊन गेलो. फोटोग्राफरचा मुलगा चांगला निघाला. "काका, पाहिजे ते घेऊन जा," म्हणाला. एक अख्खा दिवस खिडकीच्या उजेडात आम्ही निगेटिव्ह धरून पाहत होतो. आई सापडली. क्वार्टर साइझची निगेटिव्ह, कडेला बुरशी आलेली. तिरपी धरली तर गालांवर आणि कपाळावर पेन्सिलीच्या बारीक रेघा स्पष्ट दिसत होत्या, आणि चेहऱ्यावर तो लाल हात.

मित्राने टर्पेंटाइनच्या बोळ्याने रेघा पुसल्या. लाल रंग पाण्यात भिजवून बराचसा गेला, हनुवटीजवळ थोडा राहिला. रात्री त्याच्या घरी प्रत काढायला बसलो. कागद डेव्हलपरमध्ये टाकल्यावर आधी लुगड्याचे काठ आले, मग केस, मग डोळे. चेहरा उशिरा भरत गेला. पहिली प्रत फिकी निघाली. मित्राने विचारले, "किती गडद पाहिजे? तू सांग, तू पाहिलंयस त्यांना." मला सांगता येईना. चाळीस वर्षे मी तो गोरा फोटोच पाहत आलो होतो. उन्हात खडी फोडणारी आई आठवण्याचा प्रयत्न केला, तर तिचे हात आठवले. शेवटी चौथ्या प्रतीला गोंदण दिसू लागले तिथे आम्ही थांबलो.

ती प्रत मी बहिणीकडे घेऊन गेलो. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिली. म्हणाली, "दादा, ही आये नाही. ही कामावरून आलेली आये आहे." मग म्हणाली, "तुझ्याकडंच राहू दे." तिच्या भिंतीवर अजून जुनाच फोटो आहे, त्याला ती हार घालते. माझ्याकडचा टेबलाच्या खणात आहे.